कुर्लीचा कौल

९ जानेवारी, मंगळवार

पाच कुर्ल्या परत आल्या! गणपतीपुळ्याच्या त्या रिसॉर्टवाल्याने टेम्पोत टाकून पाठवून दिल्या, भाडं पुन्हा आपल्याच माथी. (सायकली. खायच्या असत्या तर कोण परत पाठवतंय.) कारण काय, तर बिजागरीला गंज. पाहुणे हात लावत नाहीत म्हणे, कपडे खराब होतात. समुद्रासमोर उघड्यावर ठेवल्यात, गंजणार नाहीत तर काय होणार! रोज पुसा म्हणून पुस्तिकेत छापलंय. पण पुस्तिका वाचतं कोण. मिक्सरची मीही वाचलेली नाही.

अप्पा शांतपणे म्हणाले, पिन स्टेनलेसची करू. करू. म्हणजे सायकल आणखी महाग. आत्ताच्या किमतीला गिऱ्हाईक नाही, त्यात ही भर.

११ जानेवारी, गुरुवार

बँकेच्या साहेबांचा फोन. अतिशय गोड बोलले. आईची तब्येत विचारली. ते आईची तब्येत विचारायला लागले की समजावं, हप्ता थकलेला वर कळलाय.

१४ जानेवारी, रविवार

सुट्टी. म्हणून डोकं चाललं. चालायला नको होतं.

हे सगळं हर्षदमुळे. म्हणजे त्याला दोष नाही, पण सुरुवात त्याची. लग्नानंतरच्या पहिल्या रजेत म्हणाला, बंदराला लागलं की गावात जायला टॅक्सीवाले लुटतात, केबिनमध्ये पलंगाखाली मावेल अशी सायकल कर ना मला. नवीन नवरा, नवीन इंजिनिअर बायको — केली! माहेरी अप्पांच्या परसात, भाड्याच्या वेल्डिंग मशीनवर. मिटली की दोन्ही हँडल पोटाशी येतात. आईने बघितलं आणि म्हणाली, ही तर कुर्ली, नांग्या पोटाशी घेतलेला खेकडा. तेच नाव राहिलं. त्याच्या जहाजावरच्या चौघांनी मागितली, मग जयगडच्या, दाभोळच्या पोरांनी. दर्यावर्दी माणसांची सायकल म्हणून पेपरात फोटो आला. तिथेच थांबायला हवं होतं. पण फोटो आला की माणसाला वाटतं, सगळं जग आपल्या सायकलीची वाट बघतंय.

मग एमआयडीसीत शेड, बँक आणि अप्पांचा फंड. जन्म गेला पोफळीच्या पॉवरहाऊसमध्ये, निवृत्त होताना जे मिळालं ते सगळं त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. त्याआधी मात्र गावी जाऊन देवीचा कौल घेतला. पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या लावायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. उजवी पडली. त्या दिवसापासून अप्पांच्या लेखी ही कंपनी देवीची. मी नुसती मॅनेजर!

१६ जानेवारी, मंगळवार

भागोजी सकाळपासून तोंड चुकवत होता. भागोजी म्हणजे आमचा पहिला फिटर, परसातल्या दिवसांपासूनचा. दुपारी कळलं — त्याच्या सख्ख्या पुतण्याने ऑनलाइन चिनी घडीची सायकल मागवली. आमच्या अर्ध्या किमतीत, वर घंटी फुकट. "म्याडम, मी नाय सांगितलं त्याला," एवढंच म्हणाला बिचारा. मी म्हटलं, घेऊन ये, बघू तरी.

आणली. वेल्डिंग भिकार. पण रंग असा झक्क की मलाच घ्यावीशी वाटली. त्या किमतीत माझा नुसता पाइप येतो. अप्पांनी तिच्यावरून शेडला एक फेरी मारली, उतरले. नुसती घंटी वाजवून बघितली.

१७ जानेवारी, बुधवार

पगार झाले. माझा सोडून सगळ्यांचे.

२१ जानेवारी, रविवार

हर्षदशी बोलले. मार्चमध्ये त्याचं काँट्रॅक्ट संपतंय. शिमग्याला घरी यायचं कधीचं ठरलेलं, अक्षयाने बाबासोबत काय काय करायचं ते शाळेतल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय. आणि आज म्हणतो, कंपनीवाले दुसऱ्या जहाजावर लगेच चढतोस का विचारतायत, चढतो. तुझे हप्ते सुटतील. पावसाळ्यानंतर येईन.

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्याचे डोळे आत गेलेत. इंजिनरूममध्ये इतके महिने राहिलेल्या माणसाला रजा नको असते होय? माझ्या सायकलीसाठी हा माणूस समुद्रावरच राहणार. कोणत्या तोंडाने हो म्हणू!

अक्षयाला अजून सांगितलेलं नाही.

२४ जानेवारी, बुधवार

कोल्हापूरहून दोघं आले. अपंगांच्या खुर्च्या बनवणारी कंपनी. त्यांना सायकल नकोच आहे, बिजागरी हवीय! खुर्ची मिटवायला अशीच शोधत होते म्हणे. मशीन, शेड, डिझाइन, सगळं घेतील. बँक मिटेल, अप्पांचा फंड पुरता नाही तरी बराचसा परत येईल. फेब्रुवारी संपायच्या आत हो की नाही ते कळवायचं.

मला त्याच टेबलावर सही करावीशी वाटली. खरं सांगते, त्यातल्या एकाने खिशातून पेन काढलं ते कुठलासा पत्ता लिहायला, आणि माझा हात पुढे झाला!

पण अप्पा. गेटजवळच्या खुर्चीत बसून पाहुण्यांना सांगत होते, आमच्या लेकीची कंपनी. तयार झालेली प्रत्येक सायकल ते स्वतः चालवतात, मगच बाहेर जाते. गुडघा धरलाय तरी. त्या माणसाला मी काय सांगू, की मला सुटायचंय? बुडतेय म्हणून नाही फक्त. दमले म्हणून.

२७ जानेवारी, शनिवार

सांगितलं.

बांगड्याचं सार होतं, अप्पांची आवडती गोष्ट, मुद्दाम केलं होतं आईने. कोल्हापूरवाले काय म्हणतात ते सगळं सांगितलं, मला काय वाटतं ते मात्र घशातच राहिलं. त्यांनी नीट ऐकलं. ताट संपवलं. हात धुऊन आले आणि म्हणाले, "उघडताना देवीला विचारलं होतं. तिला विचारल्याशिवाय बंद नाही."

माझं डोकंच फिरलं. दोन वर्षं तोटा, गोडाऊनभर पडून राहिलेल्या सायकली, बँक, चीन — आणि विचारायचं कुणाला तर पाषाणाला! पण भांडणार कुठल्या तोंडाने? तेव्हा उजवा पडला म्हणून पेढे मीच वाटले होते. मजा अशी की उघडताना विचारलं, पण इतक्या वर्षांत एकदाही कुणाला सुचलं नाही की बाई, अजून चालवू का, एवढं तरी विचारावं. तेव्हाचा उजवा आम्ही जन्मभराचा धरून चाललो. मी हे बोलून दाखवलं तर आई म्हणाली, विचारलंच नाही तर ती तरी आपणहून कशाला सांगेल?

मी ताटं उचलली.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

येत्या मंगळवारी कौल. मी येते म्हटलं तर अप्पा म्हणाले, तू नको. तुझ्या मनातलं तुझ्या तोंडावर दिसतं, तसलं तोंड घेऊन देवीपुढे उभं राहायचं नाही. आईला हसू आलं. मला नाही आलं.

प्रश्न काय घालणार विचारलं. म्हणाले, सरळ — कारखाना चालू ठेवावा का? ठेवावा तर उजवा दे.

म्हणजे पुन्हा उजवा पडला की संपलं. कोल्हापूरला ‘नाही’ म्हणून कळवायचं, हर्षद पुढच्या जहाजावर, मी पुन्हा बँकेत आईची तब्येत सांगत बसलेय. अप्पा कौल मोडणार नाहीत. आजवर मोडलेला नाही. पोफळीला असताना बढती आली होती, मुंबईची. डावा पडला, बढती नाकारली, आणि आयुष्यात पुन्हा त्याबद्दल हळहळले नाहीत.

आज शेडमध्ये ड्रिल चालू असताना मी चक्क पुटपुटत होते, डावा दे बाई, डावा दे. भागोजीने बघितलं. त्याला वाटलं, मशीनला काही सांगतेय.

६ फेब्रुवारी, मंगळवार

डावा!

अप्पा सकाळच्या एसटीने गेले. बँकेचे लोक शेड बघायला यायचे होते म्हणून मला जाता आलंच नसतं. ते आले, सगळं मोजून गेले, गोडाऊनमधल्या कुर्ल्यांकडे बघून एकाने विचारलं, या चालतात ना? मी म्हटलं, चालतात, खपत नाहीत.

संध्याकाळी अप्पा आले. चपला काढल्या, पाय धुतले, देव्हाऱ्यापाशी न जाता सरळ पडवीत येऊन बसले. आईने पाणी दिलं. मी दारात उभी, माझ्याच्याने विचारवेना. तेच म्हणाले, "डावा दिला. पुरे झालं म्हणाली. सही करून टाक, तेजू."

एवढंच. ना कपाळाला आठी, ना आवाजात काही. मी बरं म्हणून न्हाणीघरात गेले आणि बादलीत नळ सोडून रडले. दुःख? छे! सुटल्याचं रडू. कित्येक महिने कुणीतरी मानेवर बसलं होतं ते उतरलं. बाहेर आले तर अप्पा अक्षयाला पाढे विचारत होते. मला बघून म्हणाले, चहा टाक, माझापण.

देवीला मी कधी मनापासून हात जोडलेले नाहीत, उगाच कशाला खोटं बोला. आज जोडले.

७ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी उजाडलेलं कळलंच नाही, एवढी झोपले. आईने उठवलं नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार

माणसांना सांगितलं. याच गोष्टीची मला सगळ्यात जास्त धास्ती. आदल्या दिवशी भाषण लिहून काढलं होतं — बाजारपेठ, आयात, भांडवल, सगळं त्यात. पहिलं वाक्य बोलले आणि अप्पा मध्येच खुर्चीतून म्हणाले, कौल घेतला, डावा आला. झालं! भाषण राहिलं खिशात. कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही. भागोजी म्हणाला, "देवीनंच सांगितलान तर मंग आपून कोन," आणि जाऊन मशीनवरचा राहिलेला पाइप पुरा करायला लागला.

कोल्हापूरवाले शेड इथेच चालवणार, बिजागरी इथेच बनणार. म्हणजे निम्मे तर आहेत तिथेच राहतील. बाकीच्यांचं बघायला हवं. जयगडला बंदरावर एका ठेकेदाराला वेल्डर हवेत, त्याला फोन केला. भागोजीला विचारलं कुठे जायचंय, तर म्हणाला, इथंच. खुर्ची तर खुर्ची, मिटली म्हणजे झालं.

मला कुणी दोष दिला नाही. अप्पांच्या त्या एका वाक्याने मी आख्खी सुटले. नाहीतर जन्मभर रत्नागिरीच्या बाजारात मान खाली घालून फिरले असते, ही ती, जिने बापाचा फंड बुडवला. आता काय, देवीची इच्छा! विश्वास न ठेवणाऱ्या माझ्यासारखीला केवढी सोय.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

हर्षदला सांगितलं, दुसऱ्या जहाजाला नाही म्हण.   तो म्हणाला, "खरंच येऊ?" हा काय प्रश्न झाला! पण तरी दोनदा सांगितलं, ये.

अक्षया दिवसभर शिमगा, शिमगा करत नाचतेय.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

सह्या झाल्या. माझ्या कागदांवर सह्या करून करून बोटं दुखली, अप्पांच्या एका ठिकाणी. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, मग सही केली. सही नेहमीसारखीच, मी बघत होते.

बँकेत गेले. साहेबांनी चहा मागवला, बिस्किटं मागवली. आईची तब्येत विचारली नाही!

२६ फेब्रुवारी, सोमवार

उरलेल्या कुर्ल्या स्वस्तात काढल्या. स्वस्तात म्हटल्यावर कुठून कुठून लोक आले. आधी का नाही आलात मेल्यांनो! एका मासळीवालीने घेतली, मागे पाटी बांधून सरळ बंदराकडे गेली. तिला मिटवून दाखवायला गेले तर म्हणाली, कशाला मिटवू, मला चालवायचीय.

शेवटच्या सायकलीवरून अप्पांनी फेरी मारली. सगळे हात थांबवून बघत होते. उतरताना गुडघ्याने दगा दिला, भागोजीने धरलं. अप्पा म्हणाले, ब्रेक थोडा कडक आहे, सैल करून द्या गिऱ्हाइकाला.

तेवढ्या वेळापुरतं मला वाईट वाटलं. तेवढ्यापुरतंच. संध्याकाळी भूक लागली होती.

५ मार्च, मंगळवार

कंपनी बुडाली आणि माझं वजन वाढलं. आई म्हणते, गालावर आलंय. लोक भेटतात ते तोंड पाडून, काय झालं हो, वाईट झालं. मला त्यांच्यासाठी वाईट चेहरा करावा लागतो. दोनदा विसरले आणि हसले.

कोल्हापूरवाल्यांना आठवड्यातून दोन दिवस मी हवीय, बिजागरीच्या कामासाठी. पगार महिन्याच्या महिन्याला. दुसऱ्याच्या कंपनीत पगार किती सुखाचा असतो ते विसरलेच होते! चीनने काय करावं, डॉलरचं काय झालं, मला काय त्याचं. पाच वाजले की घरी.

अप्पांचं दिवसभर काय करायचं ही काळजी होती. ते परसातल्या आंब्याखाली खुर्ची टाकून बसतात, येणाऱ्या जाणाऱ्याच्या सायकली दुरुस्त करतात. चिनीसुद्धा.

१७ मार्च, रविवार

हर्षद आला! वाळलाय. अक्षया आधी लाजली, मग मानेवरून उतरायला तयार नाही. जेवताना त्याने आमटी-भात तीनदा घेतला. मग पडवीत पाय पसरून म्हणाला, इथं जमीन हलत नाही. आणि बसल्या जागी झोपला. आम्ही सगळे कुजबुजत बोलत राहिलो.

अप्पा त्याच्याकडे बघत बसले होते. बराच वेळ. मग उठून त्याच्या अंगावर पंखा सोडला.

२४ मार्च, रविवार

गावी आलो. होम पेटला, बोंबा ठोकून हर्षदचा आवाज बसला. मी एवढी मोकळी शेवटची कधी होते आठवत नाही. शाळेत असेन.

२८ मार्च, गुरुवार

देवीची पालखी घरी आली. आईने ओटी भरली, हर्षदने जावई असून खांदा दिला. पालखी अंगणात टेकली तसे विठूकाका गुरव पाणी प्यायला पडवीत आले. तांब्या हातात घेऊन हळूच म्हणाले, "तेजू, कारखाना विकलास म्हणं. असं का गो केलंस? अप्पांनी गाऱ्हाणं घातलेनी तेव्हा देवीनं उजवा दिलान. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत कळी पडली. एवढा स्वच्छ कौल मी कैक वर्षांत बघितला नाय."

मी अंगणात बघितलं. बाकी सगळे पाया पडून उठले होते. अप्पा पालखीपुढे डोकं टेकवून तसेच होते, तो दुखरा गुडघा मातीत टेकून.

विठूकाका वाट बघत होते. मी म्हटलं, "अप्पांनी सांगितलं होतं, काका. मीच ऐकलं नाही."